हिरवा बटाटा कोवळा नसतो

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाह्यरुग्ण विभागात एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाला रात्रीपासून उलट्या, जुलाब आणि पोटात कळा येत होत्या. आदल्या दिवशी काय खाल्ले, हा आमचा ठरलेला प्रश्न. बाहेरचे काही खाल्ले नव्हते, पाणीही घरचेच. मग आजींना आठवले, "पोत्यात लावलेल्या आलूची भाजी केली होती. जराशी कडू लागली. पण पोरगं म्हणे, मी लावले, मीच खाईन."

घर जवळच होते. मुलाच्या वडिलांनी उरलेले बटाटे आणून दाखवले. निम्म्याहून अधिक बटाट्यांची साल हिरवी पडली होती. आजी म्हणाल्या, "हिरवे म्हणजे कवळे असतीन, म्हणून पहिले तेच शिजवले."

मुलगा सलाईन आणि जलसंजीवनीने दीड दिवसात खेळायला लागला. उलटी-जुलाबाची कारणे अनेक असतात, त्यामुळे दोष बटाट्याचाच होता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आजींचा समज मात्र अनेक घरांत आहे, आणि तो धोक्याचा आहे.

शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे गाव. कंदमूळ वर्ज्य असल्याने इथे येणाऱ्या जैन यात्रेकरूंच्या ताटात बटाटा नसतो. त्याच गावात इतर अनेक घरांची एकादशी मात्र बटाट्याशिवाय पार पडत नाही. आता अंगणात, गच्चीवर रिकाम्या पोत्यात बटाटे लावण्याची हौसही वाढते आहे. हौस चांगली आहे. फक्त बटाटा म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे.

बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी तो मूळ नाही. ते अन्न साठवून फुगलेले खोड आहे. त्याचे 'डोळे' म्हणजे खोडावरचे कोंब. कोणत्याही कोवळ्या खोडावर उजेड पडला की ते हिरवे होते, तसाच बटाटाही होतो. हा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि तो स्वतः निरुपद्रवी असतो. पण ज्या उजेडाने हा रंग येतो, त्याच उजेडाने सोलानिन आणि चाकोनिन ही विषारी द्रव्येही वाढतात. किडीपासून बचावासाठी झाड ती तयार करते. म्हणून हिरवा रंग हे विष नसले तरी विषाची खूण आहे. कडू चव ही दुसरी खूण.

बटाट्यात ही द्रव्ये १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये सांगितले की शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ मिलिग्रॅम इतक्या मात्रेपासून त्रास दिसू शकतो. आता हिशोब करा. वीस किलोच्या मुलाला २० मिलिग्रॅम पुरतात, साठ किलोच्या माणसाला ६० लागतात. एकाच कढईतली भाजी खाऊन मोठ्यांना काही होत नाही आणि लहान मूल आजारी पडते, याचे एक कारण हे असू शकते.

१९६९ मध्ये लंडनमधल्या एका शाळेत ७८ मुले आजारी पडली, त्यांपैकी १७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुट्टीआधीपासून उरलेल्या पोत्यातले बटाटे त्यांच्या जेवणात होते. ती सगळी मुले बरी झाली, पण काहींना गुंगी आणि भ्रम होण्यापर्यंत पाळी आली होती.

"शिजवल्यावर सगळे मरते" हे जंतूंना बऱ्याच अंशी लागू पडते, सोलानिनला नाही. उकळून किंवा तळून ते फारसे कमी होत नाही. मात्र त्याचा मोठा भाग सालीत आणि सालीलगत असतो. म्हणून हिरवा डाग लहान असेल तर तो भाग जाडसर कापून टाकावा, कोंबही खोलवर काढावेत. बटाटा बराचसा हिरवा किंवा चवीला कडू असेल तर सरळ फेकून द्यावा. तो गुरांना, शेळ्यांनाही घालू नये.

पुढे एकदा त्या घरावरून जाताना मी ते पोते पाहिले. तांदळाचे पांढरे, पातळ पोते दिवसभर उन्हात होते. आत नुसती काळी माती. ती वाळून भेगाळली होती आणि भेगांतून बटाटे डोकावत होते. वरून भेगांतून आणि बाजूने विणीतून, असा दोन्हीकडून उजेड आत जात होता.

म्हणून लावतानाच काळजी घ्यावी. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास लागवड करावी, कारण बटाटा पोसायला रात्री थंड लागतात. तागाचे जाड पोते उत्तम. पांढरे पोते असेल तर एकात एक घालून दुहेरी करावे. धान्याचे किंवा साखरेचे पोते चालेल. कीटकनाशकाची पिशवी किंवा औषध चोळलेल्या सोयाबीन बियाण्याची पिशवी कितीही धुतली तरी वापरू नये. तळाला भोके पाडावीत. खाली ताटली ठेवली तर त्यात पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो.

काळी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि रेती समान घ्यावी, म्हणजे भेगा कमी पडतात. पोत्याची कड खाली दुमडून वीतभर मिश्रण भरावे. कोंब आलेल्या बटाट्याचे दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करून एक दिवस सावलीत सुकवावेत आणि एका पोत्यात तीन-चार लावावेत. रोप वीतभर झाले की शेंडा उघडा ठेवून पुन्हा माती घालावी, कड उलगडावी. असे दोन-तीनदा करावे. शेतात मातीची भर देतात ती याचसाठी. वरून सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर द्यावा आणि बटाटा दिसला की लगेच झाकावा.

झाडाला कधी छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळे लागतात. ती विषारी असतात, मुलांना आधीच सांगून ठेवावे. पाल्याचीही भाजी करू नये.

साधारण तीन महिन्यांत पाने पिवळी पडली की आठवडाभर पाणी बंद करून पोते सावलीत उलटे करावे. एका पोत्यातून दोन-तीन किलो निघाले तरी समाधान मानावे. बटाटे उन्हात वाळवू नयेत. अंधाऱ्या, हवेशीर, कोरड्या जागी ठेवावेत.

तरीही बटाटा खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर जलसंजीवनी द्यावी. यावर वेगळा उतारा नाही, शरीरातले पाणी टिकवणे हाच उपचार. मूल सुस्त पडले, असंबद्ध बोलू लागले किंवा पोटात पाणीही ठरत नसेल तर तडक दवाखाना गाठावा. उरलेला बटाटा सोबत आणावा, निदानाला मदत होते.

त्या आजींच्या घरी यंदाही पोते भरले आहे, या वेळी तागाचे. त्यावर कुटार टाकायचे काम नातवाकडे आहे. आजी सांगत होत्या, रोज शाळेत जाण्याआधी तो वाकून बघतो, एखादा आलू उघडा तर पडला नाही ना.