पद पडले की नाटक पडते

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत संगीत नाटक आजही देवळाच्या उत्सवाचा भाग म्हणून होते. त्याला तिकीट नसते. देवळासमोर मंच उभा राहतो, नट बहुतेक गावचेच असतात आणि समोर बसलेल्या जुन्या मंडळींना त्यातली पदे पाठ असतात. असे नाटक रंगले तर गाव दोन दिवस बोलतो. फसले तर पुढच्या उत्सवापर्यंत बोलत राहतो. फसलेल्या नाटकाचे खापर नेहमी गाणाऱ्याच्या गळ्यावर फुटते. प्रत्यक्षात गळा हे कारण क्वचितच असते. संवाद एकीकडे बसवायचे आणि पदे दुसरीकडे, मग उत्सवाच्या रात्री दोन्ही एकत्र आणायची, या रीतीत नाटक बहुधा आधीच हरलेले असते.

हे दोन्ही तालुके ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले, तोवर बार्देश, तिसवाडी आणि साष्टी भागांत झालेल्या धर्मछळाचा जोर ओसरला होता. त्यामुळे इथली देवळे जागेवर राहिली आणि देवळांबरोबर जत्रा, काले, कीर्तन, भजन हेही राहिले. घरात कोकणी आणि देवळाच्या मांडवात मराठी, अशी इथली वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाटक मांडवातले, म्हणून मराठीतले. शेजारी सावंतवाडी, वेंगुर्ले आणि दोडामार्ग. तिकडची दशावतारी मंडळे तेरेखोलची खाडी ओलांडून पेडण्यात येतात आणि इथला प्रेक्षक लहानपणापासून त्यांचे खेळ बघत मोठा होतो.

या प्रेक्षकाचा कान दशावताराने घडवला आहे, म्हणून तो खेळ थोडा समजून घ्यायला हवा. सुरुवातीला आडदशावतार होतो: सूत्रधार, ऋद्धिसिद्धींसह गणपती, सरस्वती, आणि काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर. मग मुख्य आख्यान लागते आणि पहाटे दहीकाला होतो. आख्यानाला लिहिलेली वही नसते. कथा ठरलेली, संवाद नटाने उभ्याउभ्या रचायचे. पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. नट बोलता बोलता सूर लावतो, पेटीवाला तो उचलतो, पद संपते न संपते तोच संवाद पुन्हा सुरू होतो. प्रेक्षक कंटाळतो आहे असे दिसले की नट पद अर्ध्यावर सोडतो. युद्धाला रंग चढला की ते वाढवतो. गाणे आणि बोलणे यांच्यात सांधा दिसत नाही, कारण दोन्ही एकाच माणसाच्या मनातून त्याच क्षणी निघालेली असतात. असा खेळ शेकडो रात्री पाहिलेल्या माणसाला संगीत नाटकातला उघडा पडलेला सांधा लगेच खुपतो.

दुसरे शिक्षण भजनाचे. गावोगाव भजनी मंडळे आहेत आणि कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने होणारी अखिल गोवा भजनी स्पर्धा ही त्यांच्यासाठी वर्षातली मोठी गोष्ट. पखवाजाची लय सरकली किंवा पेटीचा स्वर गाणाऱ्याच्या पुढे धावला, तर मागच्या रांगेतल्या आजीलाही ते कळते. अशा प्रेक्षकांपुढे संगीत नाटक करणे सोपे काम नाही.

संगीत नाटकाचा सांगाडा घडला तो पुण्यात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगमंचावर आले, त्यामागोमाग १८८२ साली ‘सौभद्र’ आले. ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे होती. मात्र त्यातली बरीचशी साकी, दिंडी, ओवी अशा कीर्तनातल्या आणि लोकगीतांतल्या चालींवरची, छोटी आणि कथा पुढे नेणारी होती. पात्राने बातमी आणली तर ती साकीत आणली, भांडण झाले तर ते दिंडीत झाले. पुढे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकांबरोबर गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चाली आल्या. पदांची संख्या घटली, रागदारी वाढली आणि नाटकातले पद मैफिलीसारखे फुलू लागले. बालगंधर्वांच्या काळात ‘वन्समोअर’ हा प्रयोगाचा भागच झाला. म्हणजे आज गावात जे नाटक बसवायला घेतात, त्यात बहुधा दोन जातींची पदे असतात: एक गोष्ट सांगणारी, दुसरी गोष्ट थांबवून भाव खुलवणारी. हा फरक ध्यानात न घेता नाटक कापले की ते कोसळते.

कापावे तर लागतेच. मूळ नाटके रात्रभर चालणारी, बहुधा पाच अंकांची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई केली. ठरावीक उत्सवी दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते. आरती, पावणी (देवळातला लिलाव), पाहुण्यांचे सत्कार आटोपून पडदा वर जायला उशीर होतो आणि आधीच तीन तासांवर आणलेले नाटक दोन-अडीच तासांवर येते. अशा वेळी कात्री पहिल्यांदा साक्या-दिंड्यांवर चालते, कारण त्या प्रसिद्ध नसतात आणि त्यांना टाळ्या पडत नाहीत. टाळ्यांची रागदारी पदे जशीच्या तशी राहतात. ‘सौभद्रा’त सुभद्रा दुर्योधनाला देण्याचा बलरामाचा बेत मोडण्यासाठी अर्जुनाने घेतलेला संन्याशाचा वेष, घटोत्कचाने सुभद्रेला उचलून नेणे ही सगळी कृष्णाची खटपट आहे. तिचे दुवे गाळले की उरते ती एकामागून एक गाण्यांची बैठक, आणि मध्ये कुणीतरी भगव्या वेषात का फिरतो आहे ते नव्या प्रेक्षकाला कळत नाही. एक आलाप कमी केला असता तर तेवढ्या वेळात दोन साक्या बसल्या असत्या. ही चूक दरवर्षी कुठे ना कुठे होते आणि ती टाळता येण्यासारखी आहे, म्हणून तिचे अधिक वाईट वाटते.

आता तालमीकडे. चैत्रातल्या उत्सवाचे नाटक घ्यायचे तर तालमी माघ-फाल्गुनात पडतात. साखळीच्या विठ्ठल मंदिराचा चैत्रोत्सव आणि त्यातले वीरभद्राचे नृत्य सर्वांना ठाऊक आहे. गावोगावची छोटी देवळेही याच सुमारास जागी होतात. पण हेच दिवस काजूचे. सकाळी बागायतीत बोंडे गोळा करायची, संध्याकाळी भट्टीवर जायचे. त्यात शिगमा येतो, डिचोलीकडे रोमट आणि घोडेमोडणी असते, आणि नाटकातली पोरे तीच. नोकरीवाले वेगळ्याच अडचणीत. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत काम पाळीवर चालते, जानेवारी २०२३पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यात पाळीच्या नोकऱ्या आणखी वाढल्या. खाणपट्ट्यात २०१२ची बंदी आणि २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी ट्रक आणि बार्जवर जगणाऱ्या घरांचे वेळापत्रकच बदलून टाकले. अर्जुन रात्रपाळीला आणि कृष्ण दिवसपाळीला, अशी तालीम दिग्दर्शक चालवतो. जो हजर असेल त्याचा प्रवेश घ्यायचा, नसेल त्याचे संवाद प्रॉम्प्टरने म्हणायचे.

गद्य अशा रीतीनेही बसते, कारण गद्यातली चूक नट सावरून घेतो. पद्याचे तसे नाही. पेटीमास्तर आणि तबलजी यांना बिदागी द्यावी लागते, म्हणून त्यांना शेवटच्या दोन-चार तालमींनाच बोलावतात. नायिका पुष्कळदा दुसऱ्या गावची. तिला त्याच हंगामात इतर मंडळांची नाटके असतात. ती येते तेव्हा तिचा पार्ट तयार असतो, पदेही तयार असतात, पण ती तिने दुसऱ्याच अर्जुनाबरोबर गायलेली असतात. तोवर आपल्या अर्जुनाने मोबाइलवर जुनी ध्वनिमुद्रिका लावून, त्या गायकाच्या पट्टीत, त्या गायकाच्या ताना पाठ केलेल्या असतात.

पट्टीचा प्रश्न इथे उभा राहतो. पुरुषाचा आवाज साधारण काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये मोकळा लागतो, बाईचा काळी चार किंवा पाचमध्ये. जुन्या काळी स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत असल्याने ही अडचण इतकी तीव्र नव्हती. आता नायकाचे पद संपून लगेच नायिकेचे सुरू व्हायचे असेल, तर पेटीमास्तरला षड्ज बदलावा लागतो आणि तबलजीला दुसरा तबला उचलावा लागतो. हा बदल मधल्या संवादात लपवायचा असतो. पेटीवाल्याने हळूच नवा षड्ज धरून ठेवायचा आणि नायिकेने बोलता बोलता आवाज त्या पातळीवर न्यायचा. हे तालमीत केलेले नसेल तर प्रयोगात काय होते ते पाहण्यासारखे असते. नायिका संवाद संपवून थांबते. पेटीवर नवा सूर वाजतो. तबलजी हातोडीने गट्ट्यावर ठोकत तबला मिळवतो. सुभद्रा कंचुकीच्या बाह्या सावरत माइककडे सरकते. तेवढ्या वेळात तिचे दुःख विझून गेलेले असते आणि प्रेक्षकांना समोर एक गायिका गाण्याची तयारी करताना दिसते. पुढे ती कितीही सुरेल गायली, तरी पद पडते.

द्वंद्वपदात तर दोघांपैकी एकाला परक्या पट्टीत गावे लागते. खालच्या सुरांत तिचा आवाज बसतो किंवा वरच्या सुरांत त्याचा फाटतो. जाणता संगीत दिग्दर्शक मधली पट्टी शोधतो किंवा ओळी अशा वाटून देतो की वरची झेप तिच्याकडे जाईल. त्यासाठी दोघांना आठ-दहा दिवस एकत्र बसायला हवे.

ध्वनीची व्यवस्था हे आणखी एक दुखणे. टांगलेल्या माइकखाली गायचे तर नटाला हालचाल सोडावी लागते. पायपेटीचा ऑर्गन दुर्मीळ झाला, त्याच्या जागी हार्मोनियम किंवा सिंथेसायझर आला, आणि तो माइकमधून इतका मोठा येतो की शब्द बुडतात. संगीत नाटकात शब्द बुडाला तर चाल एकटी काही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर, बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर निकाल लागतो. “गद्य बरे झाले, पद्य पडले.” “पेटीने सांभाळून घेतले म्हणून बचावले.” ही मते कोकणीत बोलली जातात आणि ती रागाची वाटली तरी नेमकी असतात. कुणी म्हणतो, कृष्ण गायला चांगला पण कृष्ण वाटला नाही. संगीत नाट्यस्पर्धांत गायनाचे पारितोषिक अभिनयापासून वेगळे दिले जाते. गाव मात्र ते वेगळे करत नाही, आणि या बाबतीत गावचा निवाडा अधिक बरोबर आहे.

गोव्यातल्या दुसऱ्या संगीतमय रंगप्रकाराशी तुलना केली की ही अडचण अधिक स्पष्ट होते. लुकाझिन्हो रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला कोकणी तियात्र सादर केला. तियात्रात पडद्यांच्या मध्ये होणारी कांतारे, म्हणजे गाणी, मुख्य कथेपासून स्वतंत्र असतात; ती राजकारणावर, महागाईवर, कशावरही असू शकतात. एखादे कांतार फसले तरी कथेला धक्का लागत नाही. संगीत नाटकाने ही मोकळीक स्वतःहून नाकारली आहे. तिथे पद हा पात्राच्या बोलण्याचाच पुढचा भाग असतो.

हे पुरेपूर ओळखणारे संगीतकार गोव्यानेच दिले. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांनी वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला (१९६४) चाली दिल्या तेव्हा पदे आटोपशीर ठेवली आणि शब्दांना पुढे केले. दि गोवा हिंदु असोसिएशनच्या या नाटकात पराशर गायला तो डिचोली तालुक्यातल्या साखळीत १९३१ साली जन्मलेल्या रामदास कामतांनी. त्यांच्या गाण्यात ताना होत्या, पण त्या पराशराच्या तोंडी शोभतील एवढ्याच. साखळीच्या रवींद्र भवनात बसणाऱ्या प्रेक्षकाची अपेक्षा या मापाची आहे, याचे नवल वाटायला नको.

फसलेल्या नाटकाचा दुसरा प्रयोग पुष्कळदा होतो, शेजारच्या गावाच्या जत्रेत किंवा स्पर्धेत, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला होतो. ड्रेपरी, पडदे आणि पात्रे तीच असतात. बदललेले असते ते एवढेच की नायिका, नायक आणि पेटीमास्तर एकदा एका मंचावर एकत्र गायलेले असतात. कुठे षड्ज बदलायचा ते पेटीवाल्याला ठाऊक झालेले असते, कोणता आलाप प्रेक्षकांनी सोसला नाही तेही कळलेले असते. काही मंडळे यातून शहाणी होऊन पेटीमास्तरला पहिल्या वाचनापासून बसवतात, त्याच्या बिदागीसाठी ड्रेपरीचा खर्च कमी करतात, आणि गाळलेल्या साक्या परत घेण्यासाठी प्रत्येक रागदारी पदाला वेळ ठरवून देतात. तेच नाटक, तेच गळे आणि तीच वही घेऊन मग प्रयोग रंगतो.