‘एवढं शिकून काय केलं?’

आमच्या सावद्यात मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली की पेढे वाटतात. एम.एस्सी. झाली की स्थळं यायला लागतात. पण ती पीएच.डी. करते आहे असं सांगितलं की समोरची बाई जरा गोंधळते. “म्हणजे अजून शिकतेच का?” आणि तीच मुलगी विद्यापीठ सोडून दुसऱ्याच कामाला लागली, तर मग बोलायलाच नको. लग्नात, हळदीकुंकवात, भाजीबाजारात आईला एकच प्रश्न ऐकावा लागतो, “एवढं शिकून काय केलं?”

मैत्रिणींनो, खरं तर आपल्या खानदेशाला ही गोष्ट नवी नाही. मेधाताई पाटकरांना आपण आंदोलनातल्या म्हणून ओळखतो. त्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये एम.ए. झाल्या, तिथेच शिकवत होत्या आणि पीएच.डी.लाही नाव घातलं होतं, हे किती जणींना ठाऊक आहे? १९८५ च्या सुमारास त्या नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं जाणार होती. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. हे तालुके तेव्हा आपल्या जुन्या धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली. तिथे त्या गेल्या आणि प्रबंध राहून गेला तो राहूनच गेला.

धरण हवं होतं की नको, यावर आमच्या घरातच जेवताना दोन पक्ष पडतात, त्यात मी इथे शिरत नाही. मला वेगळंच सांगायचं आहे. तिथे गेल्यावर कामाला काय आलं? शिकलेलंच आलं. घरोघरी जाऊन माणसं मोजणं, कोणाची किती जमीन बुडते ते लिहून घेणं, सरकारी यादी आणि प्रत्यक्ष गाव यांचा मेळ घालून पाहणं. वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासीच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून कागदावर तो ‘अतिक्रमणदार’ ठरायचा. असा माणूस यादीत येणार कसा? हे शोधायला संशोधकाचीच नजर लागते. पुढे जागतिक बँकेने या प्रकल्पाची तपासणी करायला मोर्स समिती नेमली. १९९२ च्या तिच्या अहवालात पुनर्वसनातल्या त्रुटींवर कडक ताशेरे होते आणि १९९३ साली बँकेचं कर्ज थांबलं. धरण पुढे झालंच, २०१७ मध्ये त्याचं लोकार्पणही झालं. पण बुडणाऱ्या माणसाची नोंद व्हायला हवी, हा आग्रह तेव्हापासून सरकारदरबारी बसला तो बसलाच.

दुसरी गोष्ट गेल ऑम्व्हेट यांची. त्यांनी पीएच.डी. अर्धी टाकली नाही, पुरी केली. जन्म अमेरिकेतला, १९४१ चा. महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळीवर अभ्यास करायला त्या महाराष्ट्रात आल्या, मराठी शिकल्या आणि १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाची पदवी घेतली. अशा बाईला अमेरिकेत प्राध्यापकी कुठेही मिळाली असती. त्या आल्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात. डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केलं (तेही वैद्यकीचं शिक्षण घेऊन चळवळीत उतरलेले), १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि सासूबाई इंदुताईंच्या घरात राहिल्या. इंदुताई स्वातंत्र्यसैनिक, म्हणजे सासूच कार्यकर्ती. असं नशीब सगळ्यांचं नसतं!

सांगली भागात नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न तेव्हा धसाला लागला. परित्यक्तेला रेशनकार्ड स्वतःच्या नावाचं का नाही, डोक्यावर छप्पर का नाही, असे साधे प्रश्न. आपल्या जिल्ह्यातलं विटनेर आठवतं का? शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात तिथल्या पुरुषांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या होत्या. गेलताईंनी या गावाबद्दलही लिहिलं. त्या अभ्यास करायच्या थांबल्या नाहीत, अखेरपर्यंत पुस्तकं लिहीत राहिल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं.

मात्र ही नावं घेऊन कोणी आपल्या लेकीला “तूही सोड” असं सांगू नये. पगाराशिवाय राहणं सगळ्यांना जमत नाही. घरात कर्ज असेल, धाकट्या भावाचं शिक्षण असेल, तर चळवळीच्या गोष्टी वाचायलाच बऱ्या वाटतात. आणि आजच्या मुली विद्यापीठ सोडतात त्या बऱ्याचदा ध्येयासाठी नाही, कंटाळून सोडतात, हेही पाहायला हवं.

आमच्याच गावातली एक मुलगी. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. वनस्पतिशास्त्रात तिने केळीच्या रोगांवर पाच वर्षं संशोधन केलं. पीएच.डी. हातात आली आणि एका कॉलेजात ‘तासिका तत्त्वावर’ लागली. जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळ्याची बिनपगारी, आणि झालेल्या तासांचं मानधन हातात पडायला कधी कधी सहा-सहा महिने. दर जूनला पुन्हा मुलाखत. बाहेर सगळे ‘प्रोफेसर मॅडम’ म्हणायचे, आणि मॅडम बसच्या पाससाठी वडिलांकडे पैसे मागायच्या. ‘पर्मनंट’ जागा निघेल निघेल म्हणता तिशी उलटली. गेल्या वर्षी तिने राजीनामा दिला. राजीनामा तरी कशाला म्हणायचं, जूनच्या मुलाखतीला ती गेलीच नाही. आता केळी उत्पादकांच्या एका गटासाठी काम करते, मोटारसायकलवर बांधाबांधावर फिरते.

आई माझ्याकडे आली. “ताई, तुम्हीच समजवा तिला. नावापुढं डॉक्टर लागलं अन् फिरते चिखलात. स्थळवाल्यांना काय सांगू वं माय?”

मी समजवायला गेले खरी, पण तिने मलाच बागेत नेलं. एका कोवळ्या पानावरचे पिवळट पट्टे दाखवले. हा ‘हरण्या’. शास्त्रात त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. आपल्या रावेर-यावल भागात गेल्या काही वर्षांत याने शेतकऱ्यांना रडवलंय. औषध मारून तो बरा होत नाही. झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा आणि केळीत किंवा जवळपास काकडी-भोपळा असली वेलवर्गीय पिकं घ्यायची नाहीत, एवढंच हातात असतं.

“काकू, लॅबमध्ये हेच पान माझ्याकडे पाकिटातून यायचं,” ती म्हणाली. “शेजारच्या शेतात काकडी होती का, रोपं कुठून आणली, ते पाकीट सांगायचं नाही. इथे मालकीणबाईच सांगते.”

मालकीणबाई बांधावरच उभी होती. रोग आधी कुठल्या कोपऱ्यात दिसला, ते तिने बोट दाखवून सांगितलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून घेतलं. मला त्या क्षणी बहिणाबाई आठवल्या. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं, आणि त्यांना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. विद्यापीठाच्या पाटीवर शेतकरीण चालते, मग विद्यापीठातली मुलगी शेतात गेली तर आपल्याला लाज का वाटावी, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पगार? कॉलेजपेक्षा थोडा जास्त, पण दर महिन्याला. तिच्या आईला मी तेवढंच सांगितलं, बाकीचं तिने लेकीलाच विचारावं. आणि येणाऱ्या स्थळाला पोरगी काय करते ते सरळ सांगावं, “केळीची डॉक्टर आहे.” आमच्याकडे ज्याच्या घरी केळीची बाग आहे, त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.