साखरेवर चालणारा विद्युत् घट

२००७ च्या ऑगस्ट महिन्यात जपानमधील सोनी कंपनीने एक छोटेखानी प्रयोग जाहीर केला. सुमारे ३९ मिलिमीटर बाजू असलेल्या चार प्लॅस्टिकच्या पेट्यांत ग्लुकोजचे द्रावण भरले गेले आणि त्यांना जोडलेला वॉकमन वाजू लागला. प्रत्येक पेटीतून ५० मिलिवॉट, म्हणजे चारही मिळून अवघी २०० मिलिवॉट शक्ती मिळत होती. ९ वॉटचा एक एलईडी दिवा लावावयाचा, तर अशा १८० पेट्या लागतील. ‘साखरेपासून वीज’ अशा मथळ्यांनी हुरळून जाण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घेतलेला बरा.

तरीही या घटामागील तत्त्व मोलाचे आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणाऱ्या नेहमीच्या इंधन घटात प्लॅटिनमसारखा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून वापरावा लागतो. सजीवांच्या पेशींत उत्प्रेरकाचे काम विकरे, म्हणजेच एंझाइमे, करतात आणि तेही शरीराच्या साध्या तापमानात. विकरांच्या घटात एका अग्रावरील विकर ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन तारेतून, तर हायड्रोजनचे आयन द्रावणातून दुसऱ्या अग्राकडे जातात. तेथील विकर त्यांचा ऑक्सिजनशी संयोग घडवून पाणी तयार करते. प्रत्येक विकर आपल्या ठरावीक पदार्थाखेरीज इतरांच्या वाटेस सहसा जात नाही. त्यामुळे दोन्ही अग्रे, मध्ये पडदा न घालताही, एकाच द्रावणात ठेवता येतात. २००३ मध्ये टेक्सास विद्यापीठातील ॲडम हेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दोन बारीक तंतू चक्क द्राक्षाच्या मण्यात खुपसून २.४ मायक्रोवॉट शक्ती मिळविली.

अडचणी दोन. विकरे ही प्रथिने असल्याने पेशीबाहेर ती फार काळ टिकत नाहीत. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ग्लुकोजच्या एका रेणूचे संपूर्ण ऑक्सिडीकरण झाल्यास २४ इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एकाच विकराच्या साध्या घटात त्यांपैकी केवळ २ हाती लागतात. बाकीची ऊर्जा द्रावणातच पडून राहते. म्हणूनच सध्याचे संशोधन घामातील लॅक्टेटवर चालणाऱ्या, अंगावर चिकटविण्याच्या संवेदकांसारख्या अल्पशक्तीच्या साधनांवर केंद्रित झाले आहे.

आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या तपासणीसाठी वापरली जाणारी पट्टी याच कुळातील. तीवरील ग्लुकोज ऑक्सिडेज अथवा तत्सम विकर रक्तातील साखरेतून इलेक्ट्रॉन काढते आणि त्या प्रवाहावरून साखरेचे प्रमाण कळते. गंमत अशी, की तो प्रवाह मोजणारे यंत्र मात्र नेहमीच्या बॅटरीवरच चालते.