पैसा गावाला, पत्र मुलाला

१९३७ साली स्पेनमधील यादवी युद्ध ऐन भरात होते. सांतांदेर हे शहर फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडण्याच्या बेतात असताना जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला होसे नावाचा एक लहान मुलगा भेटला. मुलाजवळ त्याच्या बापाने लिहिलेली चिठ्ठी होती. शहर पडले की आपल्याला गोळी घातली जाईल. ज्या कोणास हा मुलगा सापडेल त्याने आपल्यासाठी म्हणून त्याचा सांभाळ करावा, अशा आशयाचा तो मजकूर होता. अशा निराधार मुलांसाठी लँग्डन-डेव्हिस आणि एरिक मगरिज यांनी त्याच वर्षी जी योजना काढली, तिचे सूत्र अगदी साधे होते. परदेशातील एका माणसाने स्पेनमधील एका मुलाचा खर्च उचलावयाचा, आणि नुसते पैसे धाडून मोकळे न होता त्या मुलाला पत्रे लिहावयाची. ‘प्लॅन इंटरनॅशनल’ म्हणून आज ओळखली जाणारी संस्था ती हीच.

पुढे कोरियन युद्धाने अनाथ केलेल्या मुलांसाठी अमेरिकेत ‘कम्पॅशन’ (१९५२) आणि ‘वर्ल्ड व्हिजन’ (१९५३) यांनी हाच मार्ग धरला. १९७२ मध्ये ब्रिटनमधील ‘अ‍ॅक्शनएड’ या संस्थेचा आरंभ झाला तो ८८ देणगीदार आणि ८८ मुले यांच्यापासून. ती मुले भारतातील आणि केनियातील होती. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. फरक इतकाच, की या पत्रव्यवहारात आपण बहुधा पत्र घेणाऱ्याच्या बाजूला होतो. आज मात्र परदेशस्थ मराठी कुटुंबे, आणि देशातल्या देशातही पगारातून काही रक्कम काढून दूरच्या मुलाचे पालकत्व पत्करणारे शिक्षक व नोकरदार, पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूस येत आहेत. म्हणूनच या प्रथेचे गुणदोष पारखून घेणे अगत्याचे आहे.

व्यवहार असा चालतो. देणगीदाराकडे मुलाचे छायाचित्र, नाव, वय आणि थोडीशी माहिती येते. तो दरमहा ठरावीक रक्कम देतो. त्याचे पत्र संस्थेच्या कचेरीत जाते, तेथे त्याचे भाषांतर होते, पत्ता किंवा मुलाच्या सुरक्षिततेस बाधक असा मजकूर वगळला जातो आणि मग गावातील कार्यकर्ता ते मुलाच्या हाती देतो. उत्तर याच वाटेने उलटे येते. लहान मूल चित्र काढते, मोठे मूल चार ओळी लिहिते.

या प्रथेवर झालेली टीका सौम्य नाही आणि निराधारही नाही. १९८२ च्या मे महिन्यात ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या मासिकाने, या मुलाचे पालकत्व घेऊ नका, अशा अर्थाचे आवाहनच वाचकांना केले होते. आक्षेप मुख्यतः तीन. एक, पत्रे, छायाचित्रे आणि नोंदी यांवर होणारा खर्च अखेर गरिबांच्याच वाट्यातून जातो. दोन, एका घरातील एक मूल निवडले की त्याच्या भावंडांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनात सल राहतो. तीन, आणि हा सर्वांत मर्मभेदी, मूल आभार मानण्यास शिकते. आपल्या दारिद्र्याची कारणे विचारण्यास शिकत नाही. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने स्वतःच काही मुलांचे पालकत्व घेऊन या व्यवहाराचा माग काढला, तेव्हा माली देशातील एक मुलगी कधीच मरण पावली असून तिच्या नावाने पैसे मात्र जात राहिले होते, असे उघडकीस आले. ज्या नात्याची ग्वाही छायाचित्रासह दिली जाते, ते नाते मृत मुलाशीही चालू राहू शकते, ही गोष्ट कोणालाही अस्वस्थ करील.

या टीकेचा परिणाम झाला. अनेक मोठ्या संस्था आता पैसा एका मुलावर न खर्चता शाळा, पिण्याचे पाणी, आरोग्य अशा साऱ्या गावाच्या गरजांवर खर्च करतात. हे योग्यच झाले. मात्र जाहिरातीत ‘तुमचे मूल’ म्हणावयाचे आणि पैसा भलतीकडे वळवावयाचा, हे बरोबर नव्हे. पैसा गावाला जातो, हे देणगीदाराला स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे.

मग पैसा गावाला द्यावयाचा असेल, तर मुलाला पत्र कशासाठी? आमच्या मते या प्रथेचे सारे मर्म येथेच आहे. २०१३ मध्ये ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी ‘कम्पॅशन’च्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. युगांडा, ग्वाटेमाला, फिलिपीन्स, भारत, केनिया आणि बोलिव्हिया या सहा देशांतील १० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती त्यात तपासली होती. पालकत्व लाभलेली मुले इतरांपेक्षा सरासरीने एक ते दीड वर्ष अधिक शिकली आणि माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात १२ ते १८ टक्क्यांच्या फरकाने जास्त होते. फी, गणवेश, औषधपाणी यांचा वाटा यात अर्थातच मोठा असणार. परंतु या मुलांच्या आकांक्षाही वाढलेल्या आढळल्या. पुढे जाकार्तामधील मुलांना स्वतःचे चित्र काढावयास सांगितले, तेव्हा पालकत्व लाभलेल्या मुलांच्या चित्रांत आशेच्या खुणा अधिक दिसल्या. यावरून पत्रानेच हे घडविले असे सिद्ध होत नाही. पण आपण कोणीतरी होऊ शकतो, ही कल्पना मुलाच्या मनात रुजणे हीदेखील मिळकतच आहे, आणि तिच्यासाठी आपली विचारपूस करणारे माणूस लागते, एवढे मानावयास हरकत नसावी.

हिल्डे बाक यांची हकीगत या दृष्टीने बोलकी आहे. या बाई स्वीडनमध्ये शिक्षिका होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी केनियातील एका खेड्यातील ख्रिस म्बुरू या मुलाच्या शाळेचा खर्च उचलला. एका सत्रासाठी ही रक्कम १५ डॉलरांच्या आसपास होती. दोघांमध्ये थोडी पत्रापत्रीही झाली. मुलगा शिकत शिकत हार्वर्डच्या विधी महाविद्यालयापर्यंत पोचला आणि संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचे काम करू लागला. २००१ मध्ये त्याने गावाकडील गरीब मुलांसाठी शिक्षणनिधी उभारला आणि त्यास त्या न पाहिलेल्या बाईंचे नाव दिले. स्वीडनच्या राजदूतांनी त्यांचा शोध लावला. तेव्हा कळले, की बाई मूळच्या जर्मन ज्यू. नाझी राजवटीत त्यांना शाळा सोडावी लागली होती आणि त्यांचे आईवडील छळछावण्यांत मरण पावले होते. जिचे शिक्षण वंशद्वेषाने हिरावून घेतले, तिने अनोळखी मुलाला शिक्षण दिले, आणि तो मुलगा वंशद्वेषाविरुद्ध लढणारा वकील झाला. बाईंनी त्याच्याकडून काही मागितले नव्हते. २०२१ मध्ये, ९८ व्या वर्षी त्या निवर्तल्या.

महाराष्ट्राला दात्याच्या दारात उभे राहण्याचा अनुभव आहे. वार लावून जेवणाऱ्या पिढीला सात घरांच्या सात तऱ्हा ठाऊक होत्या. कोठे माया मिळे, कोठे उपकाराची आठवण वाढली जाई. शिवाय हे वार ठरावीक जातींच्या मुलांपुरतेच होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारण्यास चालना दिली, आणि १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढून मुलांना कमवून शिकण्याची वाट दाखविली, तेव्हा मदत एका यजमानाच्या मर्जीवर राहिली नाही. ती संस्थेची झाली आणि मुलाची मान ताठ राहिली. तरीही त्या वसतिगृहांतील मुलांना भाऊराव आणि लक्ष्मीबाई आठवतात, त्या नुसत्या संस्थेमुळे नव्हे. व्यवस्था आणि माया या दोहोंची गरज असते, आणि दोहोंची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात.

म्हणून पत्र लिहिणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. आपल्या घराचे आणि मोटारीचे वर्णन करू नये. आपल्या गावातला पाऊस, अंगणातले झाड, आपली शाळा किंवा कचेरी यांविषयी लिहावे. मुलाला त्याच्या खेळाविषयी, सवंगड्यांविषयी विचारावे आणि पुढच्या पत्रात त्याच्या उत्तराची आठवण ठेवावी. वर्गातील एकाच मुलाला मोलाची भेट धाडू नये. भेटीस येण्याचे वचन देऊ नये. आपला धर्म मदतीच्या पाकिटात घालू नये. आभाराची अपेक्षा तर मुळीच करू नये. शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, आपण फक्त त्याला हातभार लावला. आणि मदत थांबवावी लागलीच, तर गप्प बसू नये, निरोपाचे पत्र अवश्य लिहावे.

हे शेवटचे पथ्य किरकोळ नाही. २०१६ मध्ये भारत सरकारने ‘कम्पॅशन’ला परकीय निधीसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक केली. धर्मांतराच्या कार्याला पैसा दिल्याचा सरकारला संशय होता. संस्थेने तो नाकारला. २०१७ च्या मार्चमध्ये तिने भारतातील काम बंद केले. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची नाती त्यामुळे तुटली. त्या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु नाते जोडताना ते असे तुटूही शकते, याची जाण संस्था, सरकार आणि देणगीदार या तिघांनीही ठेवावयास हवी; कारण त्या वादाची भाषा ज्याला कळत नाही, ते मूल केवळ पत्र येण्याचे बंद झाले एवढेच समजते.

होसेच्या बापाला चिठ्ठी कोणाच्या हाती पडेल हे ठाऊक नव्हते. त्याने पैसे मागितले नव्हते. कोणीतरी आपल्या मुलाकडे लक्ष द्यावे, एवढेच मागितले होते. दरमहा रक्कम भरणाऱ्याने हे ध्यानात ठेवले, तर एक आंतरदेशीय पत्रभर मजकूर लिहावयास फारसा वेळ लागत नाही.