माल भरण्यापूर्वी ट्रकची पारख

कोलकात्याच्या बडाबाजार परिसरातील मेछुआ फळबाजार पहाटेच गजबजतो. नाशिकची द्राक्षे, विदर्भाची संत्री, सांगोल्याकडील डाळिंबे येथे उतरतात. कांद्याच्या गाड्या पोस्ता बाजाराकडे वळतात. महानगरात जड मालवाहनांच्या दिवसाच्या प्रवेशावर निर्बंध असल्यामुळे ट्रक रात्रीच आत न्यावा लागतो. समजा, खरगपूरजवळच्या तपासणीत गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपलेली आढळली आणि गाडी सहा तास अडकली, तर नुकसान सहा तासांपुरते राहत नाही. गाडी शहराच्या वेशीवर सकाळी पोहोचते, दिवसभर उन्हात उभी राहते आणि माल दुसऱ्या पहाटेच्या सौद्याला लागतो. तोवर द्राक्षाच्या देठाचा हिरवेपणा गेलेला असतो. औषध फवारणीच्या नोंदी काटेकोरपणे ठेवणारे बागायतदार ज्या वाहनात वर्षभराची मेहनत चढवतात, त्याच्या नोंदी मात्र क्वचितच पाहतात.

या मार्गावर रेल्वेचा पर्याय आला होता. शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून कोलकात्यालगतच्या शालिमारला निघाली, तेव्हा फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के अनुदान होते. ते पुढे थांबले आणि बहुतेक भार पुन्हा रस्त्यावर आला.

ट्रकची चौकशी करताना पहिली अडचण येते ती चौकशी नेमकी कोणाची करावयाची, ही. अमेरिकेत मालवाहतूक कंपनीचा सरकारी क्रमांक टाकला की तिच्या गाड्यांच्या मागील २४ महिन्यांतील तपासण्या व अपघातांची माहिती कोणालाही पाहता येते. भारतात कंपनीनिहाय असा खुला सुरक्षा-लेखा नाही. येथे नोंद असते ती वाहनाची आणि चालकाची. शिवाय पावतीवर ज्याचे नाव असते तो हुंडेकरी गाडीचा मालक असतोच असे नाही. पुष्कळदा तो दलालामार्फत एक-दोन गाड्या असलेल्या मालकाचा ट्रक भाड्याने लावतो. म्हणून पेढीची चौकशी वेगळी आणि गाडीची वेगळी करावी लागते.

पेढीसंबंधीचा कायदा स्पष्ट आहे आणि त्याचा इतिहास कोलकात्याशीच जोडलेला आहे. हे शहर राजधानी असताना १८६५ मध्ये झालेला वाहकांचा कायदा जवळजवळ दीड शतक टिकला. त्याची जागा घेणारा रस्त्याने मालवहनाचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यानुसार ‘कॉमन कॅरिअर’ म्हणून नोंदणी केल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. माल नोंदवणारा दलालही या व्याख्येत येतो. नोंदणी प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी असते. शेतकरी उत्पादक कंपनीने हंगामाच्या आरंभीच त्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील नाव व पत्ता बिल्टीवरील मजकुराशी ताडून पाहावा. टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच होय.

गाडीची तपासणी ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर काही मिनिटांत होते. तेथे वाहनाचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते, त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते; जुन्या गाडीत चूक सापडते ती बहुधा येथेच. मुदत आजची नव्हे, तर माल उतरण्याच्या दिवशीची पाहावी. पाटी नागालँडची दिसली म्हणून बिचकण्याचे कारण नाही. कर-शुल्काच्या हिशेबाने अनेक मालक तेथे नोंदणी करतात. पांढऱ्या पाटीच्या पिकअपमधून भाड्याने माल नेणे मात्र नियमबाह्य आहे.

सुरक्षा-लेख्याच्या सर्वांत जवळ जाणारी नोंद म्हणजे ई-चलान. संकेतस्थळावर वाहन क्रमांकाबरोबर चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच अंक लागतात, म्हणून नोंदणी पुस्तकाची प्रत आधीच घ्यावी. एखादे चलान कोणाच्याही वाट्याला येते. जादा भाराची किंवा मागील दिवे नसल्याची चलाने वारंवार दिसली, तर ती गाडी नाकारलेली बरी. जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो.

चालकाचा परवाना ‘सारथी’वर पडताळता येतो. त्याहून मोलाचा प्रश्न असा, की गाडीवर चालक किती? नाशिक ते कोलकाता अंतर सुमारे १,८०० किलोमीटर आहे. कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे. ताशी ४० किलोमीटर धरले, तर एकटा चालक दिवसाला ३२० किलोमीटर जाईल, म्हणजे प्रवास साडेपाच दिवसांहून अधिक. दोघे आलटून पालटून चालवतील, तर तीन दिवसांच्या आत. पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक बंधनकारक होते. ती सक्ती उठली. ‘तिसऱ्या दिवशी पोहोचवतो’ असे एकाच चालकाच्या भरवशावर सांगितले जाते, तेव्हा झोपेची किंमत कोण मोजणार, हे विचारायला हवे.

संकेतस्थळावर दिसणाऱ्या विम्याबाबत मोठा गैरसमज आहे. कायद्याने सक्तीचा असलेला विमा त्रयस्थाच्या जीवित-वित्ताचा असतो, गाडीतील मालाचा नव्हे. मालासाठी वेगळा वाहतूक विमा घ्यावा लागतो आणि त्याच्या प्रचलित अटींत केवळ विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. अर्थात मुदत संपलेल्या कागदामुळे गाडी अडून नासलेल्या द्राक्षांची भरपाई त्यातून मिळणे कठीण.

उरते ती वाहकाची जबाबदारी. जादा जोखमीचा दर देण्याचे ठरले नसेल, तर ती भाड्याच्या दहापटीपर्यंत, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या मर्यादेतच असते. एखाद्याच्या दोन टन द्राक्षांच्या वाट्याला ९ हजार रुपये भाडे आले, तर कमाल भरपाई ९० हजार. किलोला ६० रुपये दराने माल मात्र १ लाख २० हजारांचा. ताज्या फळ-भाजीला ई-वे बिल लागत नाही. ही सवलत सोयीची खरी, पण त्यामुळे प्रवासाची ती सरकारी नोंदही राहत नाही आणि सारा पुरावा बिल्टीवर येऊन ठेपतो. वजन, पेट्यांची संख्या, किंमत, गाडी क्रमांक आणि भरल्याची वेळ तीवर लिहून घ्यावी. नुकसानीच्या दाव्यापूर्वी वाहकाला द्यावयाची लेखी सूचना १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. हे दिवस कोलकात्यात माल उतरल्यापासून नव्हे, तर गावात नोंदणी झाली त्या तारखेपासून मोजले जातात. त्यामुळे बिल्टीची एक प्रत गाडी निघण्यापूर्वीच संघाच्या कार्यालयात जमा झालेली असावी.