दोन बोटांची ताटी

मार्च संपत आला की नागपुरात धंतोलीतल्या इमारती मागच्या बाजूने पाहाव्यात. पुढून दिसतात रुग्णालयांच्या पाट्या, औषधांची दुकानं आणि निम्मा रस्ता अडवून उभ्या असलेल्या गाड्या. मागे मात्र खिडकीखिडकीला लोखंडी अँगलवर टेकवलेली पत्र्याची पेटी असते आणि तिच्यापाशी कोणीतरी पान्हा घेऊन उभा असतो. सीताबर्डी आणि काँग्रेसनगर यांच्या मधल्या या वस्तीत शरीराच्या आतलं दाखवणारी कोट्यवधींची यंत्रं आहेत. ती पाहायला कोणी थांबत नाही, आणि त्यात नवलही नाही. पण त्याच इमारतीच्या बोळात पोतं अंथरून, लाकडाचा भुसभुशीत कीस हाताने सोडवत बसलेला कारागीर जे करतो, तेही कोणी थांबून पाहत नाही, याचं मात्र नवल वाटतं. शहराचा पारा 45च्या पुढे जातो तेव्हा बहुसंख्य नागपूरकरांची झोप या माणसाच्या हाताच्या अंदाजावर टिकते. कूलर दुकानात विकत मिळतो हा आपला समज अर्धाच खरा आहे. दुकानात मिळते ती पेटी. कूलर तयार होतो तो दर वर्षी नव्याने, एप्रिलच्या आसपास, खिडकीपाशी.

पेटीचं काम सरळ आहे. गेल्या वर्षीचा गंज खरवडायचा, तळाच्या टबाला डांबराचा हात द्यायचा, पंख्यात तेल सोडायचं, टुल्लू पंप पाण्यात धरून चालतो का ते बघायचं. खरी कारागिरी तिन्ही बाजूंच्या ताट्यांत आहे. वुडवूलचा दाबलेला गठ्ठा येतो तो लाकडाच्या लांब, कुरळ्या, कागदासारख्या पातळ सालींचा. तो नुसता जाळीत कोंबला तर काही ठिकाणी गाठी राहतात आणि काही ठिकाणी भोकं. हवा आळशी असते. तिला एक पातळ जागा सापडली की सगळी तिथूनच घुसते, न भिजता, तापलेली. उलट ताटी जाड झाली तर पंखा गुदमरतो, आवाज वाढतो आणि झोत मरतो. म्हणून कीस बोटांनी पिंजून, उजेडाकडे धरून, सारखा पसरावा लागतो. जाडी किती, याचं माप या धंद्यात इंचात सांगत नाहीत. दोन बोटं, एवढंच. वरच्या कडेला मात्र थोडा जास्त भरायचा, कारण भिजलेला कीस आपल्या वजनाने खाली बसतो आणि आठ दिवसांत वर फट पडते. मग वरच्या पन्हळीची भोकं तारेने मोकळी करायची. बोअरवेलचं पाणी असेल तर ती क्षाराने बुजलेलीच असतात. जाळी बसली, पाणी सोडलं की पहिला तासभर ओल्या लाकडाचा तो वास खोलीभर पसरतो. विदर्भात वाढलेल्या कोणालाही हा वास नाकाने ओळखता येतो, आणि बाजारातल्या कोणत्याही सुगंधी वड्यांना त्याची सर नाही.

या दोन बोटांमागचं विज्ञान तपासून पाहण्यासारखं आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला तर पारा खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर तो सुमारे 24 अंशांवर थांबतो. नुसत्या पाण्याने हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकते, त्याची ही निसर्गाने आखलेली सीमा. नीट भरलेली ताटी 45 ते 24 या वाटेचं साधारण ऐंशी टक्के अंतर कापते, म्हणजे झोत 28 अंशांच्या आसपास येतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता पिऊन टाकतं. हिशेब केला तर तेवढ्या पाण्यात 125 घनमीटर हवा 45वरून 28वर येते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच अशा साडेतीन खोल्यांची हवा एका लिटरात! यासाठी पंखा आणि पंप मिळून लागतात साधारण दोनशे वॉट. त्याच खोलीतला दीड टनी एसी दीड हजार वॉटच्या आसपास ओढतो. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. फरक एवढाच की माठ पाणी गार करतो आणि आपण त्याच पाण्याला हवेच्या कामाला लावलं.

हे आपण कधी केलं, याची कथा शोधांच्या इतिहासात कुठे तरी कोपऱ्यात पडून आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करण्याची रीत जुनी; अकबरासाठी बांधलेल्या वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पण तिथे वारा देवाच्या मर्जीचा. वारा पडला की ताटी म्हणजे नुसतं ओलं गवत. 1830च्या सुमारास कोणाला तरी सुचलं की धान्य उफणण्याचं यंत्र खिडकीत बसवावं, त्याभोवती ओल्या ताट्या लावाव्यात आणि हाताने चाक फिरवून वारा आत ढकलावा. या विचित्र यंत्राला साहेबाने ‘थर्मँटिडोट’, म्हणजे उष्णतेवरचा उतारा, असं भारदस्त नाव दिलं. यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद आहे आणि शोधाचं श्रेय डॉ. स्पिल्सबरी यांना दिलं जात असे, अशी अंधुक आठवणही. स्पिल्सबरी हे जबलपूरचे सर्जन आणि नर्मदाकाठचे जीवाश्म गोळा करणारे हौशी संशोधक. पुढे 1861मध्ये नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी झालं, त्याच प्रांतात जबलपूर गेलं. तेव्हा आजच्या कूलरचा आजोबा आपल्याच मुलखातला असण्याचा दाट संभव आहे. अर्थात चाक फिरवणारा माणूस ताटीच्या उन्हाच्या बाजूला बसे आणि गार हवा भिंतीपलीकडे जाई. कोशात त्या माणसाचं नाव नाही. शिवाय राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी आणखी सोपा उतारा शोधला होता. उन्हाळ्यात सगळं सरकारच पचमढीला जाई. विजेचा पंखा आला आणि चाक सुटलं. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या अॅरिझोनात लोकांनी घरोघरी लाकडी चौकटी, लाकडाचा कीस आणि पंखा जोडून हेच यंत्र पुन्हा उभं केलं. तिथेही हवा कोरडी आणि माणसं हिकमती.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा: कूलर म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचा एसी. हा आक्षेप अज्ञानातून येतो, आणि थोडा प्रतिष्ठेतूनही. ही दोन यंत्रं वेगळी आहेत. एसी बंद खोलीतली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. कूलरला बाहेरची ताजी हवा सतत लागते आणि ती बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारे लोक धंतोलीतल्या उच्चशिक्षित घरांतही सापडतात, आणि मग ‘चिकचिक होते’ अशी तक्रार करतात. दोष यंत्राचा नाही. 2020च्या साथीत इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने कूलरची हवा बाहेरूनच घ्यावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात असं बजावलं होतं. पत्र्याच्या पेटीला ते शहाणपण जन्मजात होतं. मात्र एक मर्यादा मान्य केलीच पाहिजे. पाऊस सुरू झाला, हवा 32 अंश आणि आर्द्रता 75 टक्के झाली की ओल्या फडक्याचा पारा 28च्या आसपास अडकतो. मग वाट उरते चार अंशांची, आणि झोतासोबत दमटपणा येतो तो वेगळाच. कूलर हे मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतचं, त्यातही नवतपाचं, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांचं, यंत्र आहे. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले, तसल्या दिवसांसाठीचं. मुंबईत ते निरुपयोगी आहे, म्हणून मुंबईहून आलेल्या पाहुण्याने त्याला हसू नये.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो गंभीर आहे. तासाला 3,000 घनमीटर हवा फेकणारा मोठा कूलर भर दुपारी तासाला 24 लिटर पाणी उडवतो. हा 24चा आकडा मघाच्या 24 अंशांइतकाच लक्षात ठेवावा. एसीची वीज कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांत कोळशावर होते आणि त्या विजेलाही पाणी लागतं. केंद्र सरकारच्या 2015च्या अधिसूचनेने शीतमनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्या हिशेबाने एसीचं तासाचं पाणी पाच लिटर. कूलरप्रेमींना हे आवडणार नाही, पण पाण्याच्या परीक्षेत कूलर हरतो. कोराडीला तर नागपूरचंच प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं आणि कूलरमध्ये पेंचचं पिण्याचं. 2019च्या जुलैत शहरावर पाणीकपातीची पाळी आली होती, हेही विसरून चालणार नाही. तरीही पारडं एसीकडे झुकत नाही. एसी खोलीतली उष्णता बोळात ओततो, वर स्वतःच्या दीड हजार वॉटची भर घालतो, आणि अरुंद बोळात ती शेजाऱ्याच्या खिडकीत शिरते. शिवाय वाया जाणारं बरंचसं पाणी कूलरचं नसून हलगर्जीपणाचं असतं: तरंगता गोळा अडकला म्हणून वाहणारा टब, पहाटे हवा उतरल्यावरही चालू राहिलेला पंप. रात्री दोननंतर पुष्कळदा नुसता पंखा पुरतो. पंपाला वेगळं बटण असतं ते त्यासाठीच.

डासांचं काय? डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, टबाच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा टब घासून कोरडा करायला हवा. महापालिकेचे कर्मचारी कूलर तपासायला येतात तेव्हा दार न उघडणारे आणि पुढे धंतोलीतच रक्ततपासणीच्या रांगेत उभे राहणारे लोक वेगळे नसतात. रुग्णालयांपुरतं म्हणायचं तर शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात गाळलेली, मोजलेली हवाच हवी. तिथे कूलरने जागा मागू नये. पण यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, छिंदवाड्याहून रुग्णासोबत आलेला नातेवाईक जिथे रात्र काढतो, त्या व्हरांड्यात आणि आसपासच्या स्वस्त लॉजमध्ये दुसरं कोणतं यंत्र त्याच्या वाट्याला येणार आहे?

वुडवूलच्या जागी आता जाड कागदाचे हनीकोंब पॅड येऊ लागले आहेत. ते दोन-तीन वर्षं टिकतात, पाणी सारखं पसरवतात आणि हाताच्या अंदाजावर अवलंबून नसतात. गुण निर्विवाद आहेत. पण नागपूरच्या जड पाण्यात त्यांच्या नळ्यांवरही क्षार चढतो, आणि तेव्हा बदलायची वस्तू महाग असते. दरवर्षी फेकून देता येणारी स्वस्त ताटी हा या शोधाचा कमीपणा समजला जातो. तो त्याचा सर्वांत हुशार भाग आहे. क्षार, धूळ, शेवाळ, सगळं तिच्यासोबत जातं आणि पेटी पंधरा-वीस वर्षं चालते. दोन बोटांचा हिशेब जाणणाऱ्या कारागिराला मात्र आपण हंगामी मजूर म्हणतो, त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करतो, आणि त्याच्या हातांवर लाकडाच्या सालींनी पडलेले चिरे कोणाच्या नजरेत येत नाहीत.

एका दोषाला मात्र कोणतीही सबब नाही. पत्र्याची पेटी, तळात पाणी, पाण्यात विजेचा पंप आणि जमिनीला न जोडलेली तिसरी तार. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा धक्का लागून कोणी दगावल्याची बातमी येते, आणि तो कोणी कधी घरातलं मूल असतं, कधी पाणी भरणारी बाई. ताटी भरणारा कारागीर हे काम करत नाही, ते त्याचं कामही नाही. धंतोलीतल्या सोसायट्यांनी, रुग्णालयांनी आणि लॉजवाल्यांनी यंदा कूलर खिडकीत चढवण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. पाणी भरण्याआधी प्लग काढावा. बटण बंद करणं पुरेसं नाही. आरसीसीबीचा खर्च नव्या कूलरपेक्षा कमी आहे.