दात गेला, आता ब्रिज की इम्प्लांट? आधी शेजारचे दात पाहा

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातील आपल्या दुकानदार व कारीगर मंडळींची एक जुनी सवय आहे. दाढ दुखू लागली की चार दिवस लवंग धरायची, आठ दिवस गोळ्या खायच्या आणि शेवटी डॉक्टरसमोर बसून ‘काढून टाका’ म्हणायचे. दाढ निघते, दुखणे थांबते, दुकान पुन्हा वेळेवर उघडते. पण तोंडातील ती जागा रिकामी राहते आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. दोन्ही बाजूंचे दात हळूहळू रिकाम्या जागेकडे झुकतात, समोरच्या जबड्यातील दात आपल्या जागेवरून सरकतो, माणूस एकाच बाजूने चावू लागतो. काही वर्षांत एका दाताचा मामला तीन दातांचा होतो. अक्कलदाढ गेली असेल तर गोष्ट वेगळी, तिच्या जागी काही बसवावे लागत नाही.

अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन पक्के इलाज सांगतात, ब्रिज किंवा इम्प्लांट. ऐकणारा फक्त दोन आकडे ऐकतो आणि लहान आकडा निवडतो. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे, दाताचे हकीम नव्हे. परंतु माल पारखून घ्यायची सवय आहे, म्हणून या दोन्ही मालांची विचारपूस केली. ती वाचकांपुढे ठेवतो.

ब्रिज म्हणजे पूल. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात चारही अंगांनी घासून बारीक करतात, त्यांच्यावर टोप्या बसवतात आणि या दोन टोप्यांच्या मध्ये खोटा दात लटकलेला असतो. म्हणजे दात एक गेला तरी बिल तीन दातांचे. इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लावत नाहीत. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा स्क्रू बसवतात, हाड त्याला धरून घेईपर्यंत थांबतात आणि मग त्यावर दात चढवतात. खालच्या जबड्यात या थांबण्याला साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात हाड नरम असल्याने सहा महिन्यांपर्यंतही लागू शकतात.

हाड धातूला असे धरते हे स्वीडनचे प्रोफेसर ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात १९५२ च्या सुमारास आले. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला गेले तर ते निघेना! त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू १९६५ मध्ये बसवले. दात पुन्हा बसवण्याची खटपट मात्र फार जुनी आहे. अंदलुसचे हकीम अबुल कासिम अल-जहरावी यांनी सुमारे १००० साली लिहिलेल्या ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची आणि बैलाच्या हाडाचा दात कोरून बसवण्याची रीत दिली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गेलेला दात पाहून निवड करू नये, शेजारचे दोन दात पाहून करावी. ते धडधाकट असतील, कधी कीड लागलेली नसेल, तर त्यांना घासणे म्हणजे भोक बुजवण्यासाठी शेजारचे कोरे कापड कापण्यासारखे आहे. दाताचे वरचे कठीण आवरण एकदा घासले की परत येत नाही. घासलेल्या दाताला पुढे टोपीखाली कीड लागू शकते, आतली नस मरून रूट कॅनॉलची वेळ येऊ शकते. अशा तोंडाला इम्प्लांट बरे. उलट शेजारच्या दातांना आधीच रूट कॅनॉल झाले असेल, मोठे सिमेंट भरलेले असेल, त्यांना आज ना उद्या टोपी लागणारच असेल, तर ब्रिज शहाणपणाचा. एका खर्चात तिन्ही कामे होतात. हा एक सवाल डॉक्टरला जरूर विचारावा: ‘मधला दात शाबूत असता, तर शेजारच्या दोन दातांना टोपी घालायला सांगितली असती का?’

पैशांचे म्हणाल तर दर गावागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतात. साधारणपणे धातूवर सिरॅमिक चढवलेल्या तीन दातांच्या ब्रिजला १२ ते १८ हजार रुपये पडतात, झिर्कोनियाचा घेतला तर त्याच्या दुप्पट. एका इम्प्लांटला दातासकट २५ ते ५० हजार. पण कापड घेताना फक्त मीटरचा भाव न पाहता ते किती धुण्यांना टिकेल हेही आपण पाहतोच. नीट ठेवलेला ब्रिज दहा-पंधरा वर्षे जातो. मग तो बदलावा लागतो, आणि तोवर शेजारचा एखादा दात खराब झाला असेल तर पुढचा ब्रिज तीनऐवजी चार-पाच दातांचा होतो. चांगला बसलेला इम्प्लांट त्याहून जास्त चालतो, दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक शाबूत आढळतात. पस्तीस-चाळीस वर्षांच्या कारीगराने हा हिशेब मांडला तर महाग माल स्वस्त पडू शकतो. सत्तरीतल्या बुजुर्गांसाठी हिशेब वेगळा निघेल आणि त्यात कमीपणा काही नाही.

एवढी रक्कम एकदम काढणे कारीगराला जड जाते हे आम्ही जाणतो. काही दवाखाने फायनान्स कंपनीचे हप्ते करून देतात. त्यात व्याज कुठे दडले आहे ते कागद वाचल्याखेरीज कळत नाही. ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यातही प्रोसेसिंग फी असू शकते. सूद टाळणाऱ्याला सरळ मार्ग आहे. इम्प्लांटचे काम तीन-सहा महिने चालते, म्हणून स्क्रूच्या वेळी एक हिस्सा आणि दात चढवताना दुसरा, असे डॉक्टरशीच बोलून घ्यावे. आपण उधारीवर गिऱ्हाईक सांभाळतोच की! तेही माणसे आहेत, पुष्कळदा ऐकतात.

आता कडू गोष्ट. तंबाखू, बिडी, मिशरी आणि मावा चालू असेल तर इम्प्लांटवर पैसे घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडे काही रिकामी नाहीत. धुराने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, हाड स्क्रूला नीट धरत नाही, आणि धरले तरी पुढे भोवतालची हिरडी सडून हाड झिजते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट. साखरेचा आजार असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आधी करून घ्यावी. साखर काबूत असेल तर काम होते, नसेल तर समजदार डॉक्टर स्वतःच थांबवतो.

कारीगरांच्या सवयीही इथे आड येतात. शिंप्याने दोरा दाताने तोडणे, गादीवाल्याने व सुताराने चुका-खिळे दातांत धरणे, हे खऱ्या दातालाही खाच पाडते. खोट्या दाताचे सिरॅमिक तर एका कचक्यात उडते. समोरचा दात बसवला तर दोन रुपयांची कातर वापरायला हरकत नसावी. (कातर आता दोन रुपयांना मिळत नाही, हे मान्य.)

दीनी बाजूचे सवाल आपल्या बिरादरीत हमखास निघतात. आपल्याकडील हनफी उलमांचे सर्वसाधारण म्हणणे असे की जो दात पक्का बसवला आहे, काढता येत नाही, तो शरीराचाच भाग समजावा. वुजू आणि गुस्लला अडचण नाही. काढता येणारी कवळी मात्र गुस्लच्या वेळी काढून चूळ भरावी. सोन्याबद्दल हजरत अरफजा यांची हदीस मशहूर आहे. त्यांचे नाक लढाईत कापले गेले होते, चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. टायटॅनियमबाबत तर हा मसला उद्भवतच नाही.

ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट मात्र आहे. दात जाऊन बरीच वर्षे झाली असतील तर तिथले हाड झिजते आणि स्क्रूपूर्वी हाडाची भुकटी भरावी लागते, वरून पातळ पडदा लावतात. ही भुकटी अनेकदा गाई-बैलांच्या हाडांपासून बनते आणि काही कंपन्यांचा पडदा डुकरापासून काढलेला असतो. डॉक्टर हे मुद्दाम लपवत नाहीत, विचारल्याशिवाय सांगायचे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत साफ सांगावे. पूर्ण कृत्रिम भुकटी मिळते, माणसाचे स्वतःचे हाडही वापरता येते. काही संशय उरला तर आपल्या मुफ्तीसाहेबांचा मशवरा घ्यावा.

ब्रिज मंचर-नारायणगावात होतो, दोन-तीन खेपांत आणि पंधरवड्यात. इम्प्लांटसाठी काही दवाखान्यांत पुण्याहून सर्जन येतात. अशा ठिकाणी स्क्रू ढिला झाला तर पाहणार कोण, हे आधी ठरवून घ्यावे. पुणे मंचरपासून साठेक आणि जुन्नरपासून नव्वदेक किलोमीटर, दर खेपेला एक दिवसाची मजुरी जाते, ती हिशेबात धरावी. पुण्याच्या दंत महाविद्यालयांत दर खासगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी असतात, वेळ मात्र जास्त मोडतो. कॅम्पातील आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. मुल्कातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असावे.

रमजानच्या महिन्यात स्क्रूचे काम काढू नये, रक्त आणि दिवसा घ्यायच्या गोळ्या यांनी रोजा अडचणीत येतो. लग्नसराईतही नको. काम झाल्यावर पक्के बिल घ्यावे आणि स्क्रूच्या डबीवरचे कंपनी व लॉट नंबर लिहिलेले लेबल मागून घ्यावे. दहा वर्षांनी दात ढिला झाला आणि तो डॉक्टर गाव सोडून गेला असेल, तर नव्या डॉक्टरला कोणती चावी लावायची हे त्या लेबलावरूनच कळते.